दुपट्ट्याखालचा आकडा

जुनी गाडी पाहायला गेले की देवराव भाऊजी सगळ्यांत आधी खांद्यावरचा दुपट्टा काढायचे आणि आत वाकून तो मीटरवर पांघरायचे. विकणाऱ्याचं तोंड त्या वेळी पाहण्यासारखं व्हायचं. 'साहेब, फक्त इतकीच चालली आहे' हे एक वाक्य म्हणण्यासाठी त्यानं सकाळपासून गाडी धुऊन पुसून ठेवलेली असायची, आणि हा काडीसारखा माणूस त्याचा मुख्य पुरावाच झाकून टाकायचा. "मीटर म्हंजे मालकाचा जबाब हाये," भाऊजी म्हणायचे. "मालक तर बोलनच. आपुन साक्ष दुसऱ्याची घेऊ."

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहायचे आंधळगावला, मोहाडीच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे. त्यांच्या मालकीचं वाहन एकच, एक स्कूटर, आणि तीही एका अंगावर कलती केल्याशिवाय सुरू व्हायची नाही. पण नागपूरला त्यांच्या एका दोस्ताचा जुन्या गाड्यांचा धंदा होता. दर उन्हाळ्याच्या सुट्टीत भाऊजी तिथे जाऊन पडीक असायचे. माणसं सुट्टीत थंड हवेच्या ठिकाणी जातात, हे नागपूरच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली लोकांच्या क्लचचे रबर पाहत बसायचे. ताईनं यावरून आयुष्यभर डोकं फोडून घेतलं.

पाहायचे म्हणजे काय, तर जिथे माणसाचं अंग लागतं ते सगळं. पायाखालचं रबर कुठल्या कोपऱ्यात गुळगुळीत झालं आहे, स्टिअरिंगचं कातडं कुठे चकाकतं, दार उघडताना बिजागरीतून खाली लोंबतं का. माझं भंडाऱ्यात पितळी भांड्यांचं दुकान आहे. मला ते समजावून सांगायचे, "तुया दुकानात मोडीत लोटा आला, का तुले समजते ना, घरचे त्याले कुठं धरत होते? बस, तसंच. मानूस खोटं बोलते, रबर नाही बोलत." आणि हे सांगता सांगता मध्येच गप्प व्हायचे. रिकाम्या सीटकडे असं पाहायचे, जणू तिथे कोणी बसलं आहे आणि उठायची वाट पाहावी लागणार आहे. मग हळूच म्हणायचे, "हा मानूस घाबरट होता. डावा पाय क्लचवरून काढतच नव्हता." हे ऐकलं की माझ्या अंगावर काटा यायचा. विकत घ्यायच्या गाडीत आधीचा मालक बसलेला कोणाला आवडेल?

ते नेहमी बरोबर असायचे असंही नाही. एकदा साकोलीच्या एका गाडीची शेजारची सीट दाबून त्यांनी जाहीर केलं, की मालकीणबाई चांगल्याच वजनदार असणार. तेवढ्यात बाई स्वतःच चहा घेऊन आल्या, बोरूसारख्या. त्या सीटवर वर्षानुवर्षं तांदळाचे कट्टे ठेवून नेत असत. भाऊजी चहा पिताना कपातून वर पाहीनात. परतताना मला म्हणाले, "मी सीट बरोबर पायली. कट्ट्याचा इचार केला नाही."

पन्नाशीच्या तोंडावर मला स्पोर्ट्स कारचं वेड लागलं. कारण विचारू नका. दोन दारांची, जमिनीला टेकलेली, लाल गाडी. नवी घेणं माझ्या सात पिढ्यांना जमलं नसतं, म्हणून जुनी. माझ्या पोटाकडे पाहून भाऊजी म्हणाले, "साळेसाहेब, आत शिराले तुमाले साबण लावा लागन." पण मनातून तेही हरखले होते. त्यांनी माझी शिकवणीच घेतली. म्हणाले, "असल्या गाडीचा आकडा कमीच राह्यते. ती काही रोज भाजी आणाले जात नाही. पण जेवढी जाते तेवढी जीव काढून जाते. म्हणून किती चालली हे नोको इचारू. कशी चालली ते इचार." गाडी खाली असते, त्यामुळे आत-बाहेर करताना माणूस सीटच्या दाराकडच्या कडेवरून घसरतो, ती कड आधी बसते. महामार्गावर पळालेली असेल तर पुढच्या नाकावर खडे लागून देवीच्या व्रणांसारखे टवके असतात. नागपूरला एक गाडी पाहिली, आकडा नाममात्र, पण पायाखालचं रबर नवंकोरं. "म्हाताऱ्याले नव्या चपला घातल्या हायेत," म्हणून भाऊजींनी दुपट्टा उचलून खांद्यावर टाकला, आणि आम्ही चहा न घेता निघालो.

त्यांचा एक नियम मात्र पक्का होता. आधी पाहायचं, मग हात लावायचा, मग ऐकायचं, आणि मीटर शेवटी. "आकडा आधी पायला का डोया बाटते," असं ते म्हणायचे. "मंग आपुन गाडी नाही पाहत, चोर पाह्यतो."

सिहोऱ्याच्या गाडीची बातमी मलाच लागली होती. रहांगडाले नावाचे एक शेतकरी, त्यांच्या मुलाची लाल गाडी विकायची आहे, एवढंच कळलं. मुलाबद्दल मी विचारलं नाही. पोरं परदेशी जातात, गाड्या विकतात, असं धरून चाललो. तुमसर मागे टाकून आम्ही सिहोऱ्याच्या रस्त्याला लागलो तेव्हा धान कापणीला आलं होतं आणि गावोगावी मंडईचे, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेचे, मांडव पडत होते.

गल्लीच्या तोंडाशीच इंजिनाचा आवाज ऐकू आला. पूर्वी जिथे बैल बांधत त्या कोठ्यात गाडी उभी होती आणि चालू होती. आम्ही येणार म्हणून रहांगडाले काकांनी कोठ्याची दारं सताड उघडली होती. शेजारची चार माणसं कौतुकानं जमली होती. धान साठवायच्या ढोलीला टेकून एक बाई उभी होती, डोक्यावर पदर, नजर गाडीवर. कोणी तिची ओळख करून दिली नाही.

भाऊजी खांद्यावरचा दुपट्टा काढून आत वाकले. पण गाडी चालू असल्यामुळे मीटर उजळलेला होता. हात पोचायच्या आधी डोळे पोचले. मी पाहत होतो, त्यांचा दुपट्टा हातातच राहिला. आकडा अगदी थोडका होता. आणि इंजिन मात्र खडखडत होतं, मागच्या भिंतीवर काजळीचा हा मोठा डाग पडला होता. भाऊजी सरळ झाले. सीट पाहिली नाही, रबर पाहिलं नाही, गाडीच्या नाकाकडे गेले नाहीत. शाळेत कॉपी करणारं पोरगं धरावं तशा आवाजात सगळ्यांसमोर म्हणाले, "काका, मीटर मागं घेतला हाये. इंजिन थकलेलं अन् आकडा कोवळा. हे नाही चालत."

रहांगडाले काकांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. ढोलीजवळची बाई पुढे आली.

"कोनं मागं घेतला?" ती म्हणाली. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "माह्या पोरानं जितका सोडला तितकाच हाये. रोज पाहून राहिली मी."

मग काकांनी सांगितलं, तुटक तुटक. प्रणय त्यांचा एकुलता एक. पुण्याला नोकरीला होता. त्यानं ही गाडी घेतली आणि मंडईला घरी घेऊन आला. सारं गाव पाहायला लोटलं. आईला डाव्या सीटवर बसवून चांदपूरच्या तलावापर्यंत फिरवून आणलं. खड्ड्यांनी गाडीचं पोट खरवडलं म्हणून परत जाताना गाडी इथेच ठेवून रेल्वेनं गेला, पुढच्या सुट्टीत नेतो म्हणाला. तिकडे त्याला ताप आला, आणि थोडक्या दिवसांच्या तापात तो गेला. त्याचं सामान आलं, त्याचा देह आला, गाडी कोठ्यात होती ती कोठ्यातच राहिली.

जाताना त्यानं आईला गाडी चालू करायला शिकवलं होतं, बॅटरी बसू नये म्हणून. ती खिडकीतून हात घालून किल्ली फिरवायची, आकडा उजळायचा. आकडा तोच आहे हे पाहून ती वळसा घालून यायची आणि डाव्या सीटवर, तिच्या जागी, बसायची. किल्ली अर्धी फिरवली तरी आकडा दिसतो हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे ती बसली असेल तोवर इंजिन चालू असायचं. आवाज बाहेर जाऊन लोक येऊ नयेत म्हणून कोठ्याची दारं लावून घ्यायची. काका मागाहून जाऊन दारं उघडायचे. एकदा ते शेतावर, धानाच्या बांधीत होते, घरी कोणी नव्हतं. शेजाऱ्यांनी धूर पाहून दार तोडलं, तेव्हा ती बेशुद्ध होती.

"म्हणून इकून राहिलो," काका म्हणाले. "पैशाचं मी बोलतच नाही. न्या तुमी."

भाऊजी परत गाडीकडे गेले. जे आधी करायचं ते त्यांनी तेव्हा केलं, आणि मी त्यांच्या मागे मागे होतो. ड्रायव्हरच्या सीटची कड ताठ होती. पायाखालच्या रबराच्या रेघा नव्यासारख्या. नाकावर टवके जवळपास नव्हतेच. किल्लीच्या भोकाभोवती बारीक ओरखडे होते, बांगड्यांचे. आणि डावी सीट खोल बसली होती. तिच्या वरच्या भागावर, जिथे डोकं टेकतं, तिथे खोबरेल तेलाचा काळपट डाग होता. भाऊजींनी त्या सीटवर तळवा ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. इंजिन दूरवर जाऊन आलं होतं आणि चाकं जागची हलली नव्हती. सगळं तिथे लिहिल्यासारखं होतं आणि वाचणाऱ्यानं आकडा आधी पाहिला होता.

बाहेर येऊन ते त्या बाईसमोर उभे राहिले. "वहिनी, चुकलो मी," म्हणाले. "खोटा आळ घेतला."

मला वाटलं, आता इथून निघावं. मी भाऊजींचा दंड धरला तर त्यांनी मला बाजूला घेतलं. "ही गाडी तू घ्याची नाही."

"काहून?" त्यांच्या नादानं मीही तसंच बोलायचो.

"ही गाडी गेली त बाई हिच्या मागं जाईन. अन् राहिली त धुरात जाईन." त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. "मले घडीभर थांबू दे."

ते परत गेले आणि म्हणाले, "वहिनी, गाडी उभ्याउभ्या मरते. तिले चालवा लागते. दर इतवारी मी येतो. तुमी तुमच्या जागी बसा, चांदपूरपावतर जाऊ, वापस येऊ. पण किल्ली माह्यापाशी राहीन."

"चालवली त आकडा बदलन," ती लगेच म्हणाली. हीच तिची भीती होती. पोराचं जे काही शिल्लक होतं ते त्या आकड्यात होतं, आणि कोणीही पहिला गिअर टाकला की ते जाणार होतं.

भाऊजींनी दुपट्टा उलगडला. आत वाकून मीटरवर पांघरला, कडा नीट खोचल्या. "झाकला," ते म्हणाले. "आता कोनी पाहाचा नाही. मीबी नाही पाहत. तुमचा आकडा याच्या खाली हाये."

ती त्या कापडाकडे बघत राहिली. तिला ते पटलं की तिनं पटवून घ्यायचं ठरवलं, मला तेव्हा कळलं नाही. पण तिनं खिडकीतून हात घालून गाडी बंद केली, किल्ली काढली आणि भाऊजींच्या हातात दिली.

त्यानंतर भाऊजींचा रविवार सिहोऱ्याचा झाला. ऊन असो, पाऊस असो, स्कूटर कलती करून सुरू करायची आणि निघायचं. काका कोठ्याची दारं उघडून वाट पाहत असायचे. ताई आधी चिडायची. "घरची स्कूटर अशी, अन् इतवारी यांची राजाची गाडी," म्हणायची. मग तिनं चिडायचं सोडलं, कारण तिच्या लक्षात दुसरंच काही आलं होतं. जेवता जेवता भाऊजींचा घास हातात थांबायचा. "कोनाची गाडी चालू हाये?" ते विचारायचे. बाहेर गल्लीत कुत्रंसुद्धा नसायचं. कधी भर दुपारी उठून शेजाऱ्यांच्या पडवीचं दार उघडून पाहून यायचे. ताईनं मला सांगितलं तेव्हा तिचे डोळे भरले होते. मी थट्टेवारी नेलं, पण मला ते बरं वाटलं नाही.

लोकांच्या गाड्या पाहणं त्यांनी त्या दिवसापासून सोडलं. आर्जवं झाली, रुसवे झाले. नागपूरचा दोस्त स्वतः आला. भाऊजी हात जोडायचे. एकदा मीच छेडलं, "एवढ्या एका चुकीसाठी?" तर म्हणाले, "आळ काकावर घेतला असता त इसरलो असतो, साळेसाहेब. मी त मेलेल्या पोराचा आकडा खोटा म्हटला. त्याच्या मायसमोर."

मी एकदा त्यांच्यासोबत गेलो. मागच्या सीटवर, गुडघे हनुवटीला. मागची सीट असल्या गाडीत नावालाच असते. भाऊजी गाडी चालवत होते, मीटरवर दुपट्टा, डावीकडे त्या. बाई सगळा रस्ता खिडकीतून बाहेर पाहत होत्या, बांध, धानाच्या बांध्या, मोहाची झाडं. कालव्याच्या पुलाजवळ त्या अचानक म्हणाल्या, "प्रणय, म्हस हाये समोर. हळू घे."

मी चमकून भाऊजींकडे पाहिलं. भाऊजींनी गिअर बदलला. "हो माय," म्हणाले, स्वतःच्याच आवाजात, काही विशेष न झाल्यासारखं.

तलावावर त्या उतरल्या, पाण्यात पाय बुडवून थोडं बसल्या, मग आम्ही परत आलो. स्कूटरवरून येताना मला राहवेना. "भाऊजी, तुम्ही हो कसं म्हणता?"

"काहून? म्हस होती ना समोर," ते म्हणाले.

भाऊजी गेल्या हिवाळ्यात गेले. छातीत दुखलं, भंडाऱ्याला दवाखान्यात आणलं, आणि डॉक्टरांचं तोंड पाहूनच आम्हाला समजलं. त्यांनाही समजलं असणार. कारण मला जवळ बोलावून त्यांनी ना ताईबद्दल सांगितलं, ना पुण्याला असलेल्या लेकीबद्दल. म्हणाले, "इतवार चुकवू नोको. आकडा झाकून ठेवजो." थोडा दम घेऊन पुन्हा म्हणाले, "म्हस दिसली त हळू घेजो." मी मान हलवली. त्या वेळी मला हसू आलं आणि रडूही, आणि दोन्ही त्यांच्यासमोरच आलं.

तेरवी झाल्यावर ताईनं दुपट्टा धुऊन घडी करून माझ्या हातात दिला, वर ती किल्ली. तिला काही सांगावं लागलं नाही.

पहिल्या रविवारी मी सिहोऱ्याला पोचलो तेव्हा कोठ्याची दारं उघडी होती. काकांनी मला पाहून नुसती मान डोलावली. बाई आधीच येऊन डाव्या सीटवर बसल्या होत्या, हात मांडीवर. मी कसाबसा आत शिरलो. ज्या सीटसाठी एके काळी जीव टाकत होतो ती हीच, आणि तिथे बसताना मला ओशाळल्यासारखं झालं. सीटची दाराकडची कड आता मऊ पडली होती. तेवढ्या मऊपणात भाऊजींचे सगळे रविवार होते. मी तळव्यानं ती कड दाबून पाहिली आणि मला हुंदका आवरेना.

बाई थांबल्या. मग म्हणाल्या, "चालू करा."

मी किल्ली फिरवली आणि दुपट्टा पसरायला हात पुढे केला. त्यांनी माझं मनगट धरलं. आकडा उजळला. त्या वाकून पाहत राहिल्या. मी घाबरलो. भाऊजींनी इतकी वर्षं जपलेलं माझ्या हातून पहिल्याच दिवशी फुटलं, असं मला वाटलं. पण त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

"मास्तरचे लई झाले," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला माहीत होतं?"

"गाडी हालली का आकडा हालनच ना, भाऊ. मले काय येवढं समजत नाही?" त्यांनी बोटानं काचेला हलकेच स्पर्श केला. "माह्या पोराचे मले पाठ हायेत. त्याच्या वरचे सारे मास्तरचे. मास्तरनं झाकला म्हणून मी पायला नाही. आज पायला. किती झाले ते पाहा लागत होतं."

त्यांनी माझ्या हातातून दुपट्टा घेतला, मीटरवर पांघरला आणि कडा खोचल्या, अगदी भाऊजी खोचायचे तशा.

"चला," त्या म्हणाल्या. "आतापासूनचे तुमचे."

मला खाली उतरावंसं वाटलं. पण गाडी चालू होती, कोठ्यात धूर साचू लागला होता, आणि दारात काका उभे होते. मी हळूहळू गाडी बाहेर काढली. गाव संपलं, बांध्या सुरू झाल्या. कालव्याचा पूल आला.

"प्रणय, म्हस हाये समोर. हळू घे."

समोर रस्ता मोकळा होता. म्हैस नव्हती, माणूस नव्हतं, काहीच नव्हतं. मी गाडी हळू केली.

"हो माय," मी म्हणालो.